थेंबाऐवजी बाटली

दुपारी जेवणाची सुट्टी संपून बेंगळुराबाहेरच्या बोम्मसंद्र्यातल्या कारखान्यांची यंत्रे पुन्हा सुरू झाली, की आमच्या दुकानातल्या काचेच्या कपाटांना एक बारीक कंप सुटत असे. औषधांच्या बाटल्या एकमेकींना हलकेच लागत, आणि त्यातून उमटणारा किणकिणाट इतका मंद असे, की नवख्या माणसाला तो ऐकूच येत नसे. मला येई. त्या आवाजाच्या सोबतीने मी तिथे तीन वर्षे उभी राहिले. अजूनही बेळ्ळंदूरच्या नवव्या मजल्यावरच्या या घरात, दुपारी झापड येता येता, तो कुठून तरी येतो आणि मी कोणत्या वयाची आहे हेच क्षणभर कळेनासे होते. लिहिण्याची मला सवय नाही. साठी उलटल्यावर पहिल्यांदा वही उघडणाऱ्या बाईने फार मोठ्या गोष्टींना हात घालू नये, असे मला वाटते. ही गोष्ट एका डोळ्याची आहे. तेवढी मला नीट ठाऊक आहे.

दुकान माझ्या आत्याचे. होसूर रस्त्यावर तेव्हा आजच्यासारखा डोक्यावरून जाणारा उंच मार्ग नव्हता. रस्ता आणि आकाश यांच्या मध्ये फक्त धूळ होती, आणि संध्याकाळच्या उन्हात ती धूळ हळदीसारखी दिसे. आमचे घराणे चार पिढ्यांपूर्वी बेंगळुरात येऊन स्थिरावलेले. पणजोबांनी कापड विकले, आजोबांनी शिवणकामाचे सामान, आणि आत्याने लग्नाला साफ नकार देऊन औषधे. साऱ्या रस्त्याची ती अक्का होती. कामगार तिला अक्का म्हणत, त्यांचे मुकादम म्हणत, पोस्टमनही म्हणे. मी दुकानात येऊ लागल्यावर गिऱ्हाइकांनी माझेही बारसे परस्पर उरकले आणि मी चिक्कअक्का, म्हणजे धाकटी अक्का झाले.

मी तत्त्वज्ञानाची एम.ए. होते. एका महाविद्यालयात दोन महिने शिकवूनही पाहिले; पण माझा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे पोहोचत नसे, आणि चौथ्या बाकापासून पुढे मुले निवांत झोपत. मग सव्विसाव्या वर्षी, आत्याच्या सांगण्यावरून, मी औषधशास्त्राच्या पदविकेला बसले. वर्गातली अठरा वर्षांची मुले मला बाकावर जागा करून देत, एखाद्या पाहुणीला देतात तशी. परीक्षेत मी पहिली आले. आत्याने निकालाचा कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "सुमे, पुस्तक तुला येतं. आता माणसं यायला हवीत."

आम्ही दुकानाच्या वरच राहत असू. खालून कापूर आणि निलगिरीचा वास जिन्याने वर चढे, वरून कॉफीचा वास खाली उतरे, आणि मधल्या वळणावर दोन्ही मिसळून जो एक तिसराच वास तयार होई, तो मला अजून कुठल्याही घरात मिळालेला नाही. आत्या सकाळी नाचणीच्या भाकऱ्या थापी. थंडीत त्यांच्याबरोबर अवरेकाळूची, म्हणजे पावट्याच्या ओल्या दाण्यांची, आमटी असे. त्या दाण्यांची साले काढण्याचे काम माझे. पाण्यात भिजलेला दाणा दोन बोटांत दाबला की आतला हिरवा गर सुळकन उडे. तास तास मी ते करत बसे. हाताला काम आणि मनाला मोकळीक, आणि कुणाशी बोलायचे नाही, याहून अधिक सुख मला तेव्हा सुचत नव्हते.

आत्याच्या दुकानाचा एक नियम होता, तो मी दुसऱ्या कुठल्याच दुकानात पाहिला नाही. गिऱ्हाइकांसमोरच्या फळीच्या एका टोकाला एक ठेंगणे लाकडी बाकडे होते, त्यावर रोज ताजे वर्तमानपत्र अंथरलेले. पायाचे औषध हवे असेल तर पाय त्या बाकड्यावर ठेवायचा. कानाचे हवे असेल तर मान वाकडी करून आत्याच्या विजेरीसमोर कान धरायचा. पाहिल्याशिवाय ती काही देत नसे. लोक लाजत, हसत, मोजे लपवत; पण दाखवत.

रंगाच्या कारखान्यातला एक कामगार मला आठवतो. दिवसभर ओल्या बुटांत उभे राहून त्याच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"पाय धुतोस का?" आत्याने विचारले.

"दिवसातनं तीन येळा, अक्का."

"आणि पुसतोस?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे बुरशीला पाणी घालतोस. हे मलम घे. खाज थांबली तरी दोन आठवडे लावायचं, सरी? कळलं ना? आणि मोजे रोज धुवायचे. नाहीतर मलम माझ्याकडून न्यायचं आणि खाज मोज्यांकडून, असं जन्मभर चालेल."

पायाचे कुरूप दाढीच्या पात्याने तासून आलेल्या एका मुकादमाला ती म्हणाली, "दाढी हनुवटीची करतात. पायाला कधीपासून मिशा फुटल्या तुझ्या?" सगळे हसले, तोही हसला, पण लगेच तिने आवाज खाली आणून विचारले, "साखरेचा त्रास आहे का?" तो हो म्हणाला, तेव्हा कुरुपाची पट्टी तिने परत खणात टाकली आणि त्याला डॉक्टरांकडे धाडले. शिवणाच्या कारखान्यातली एक बाई केसांच्या आकड्याने कान कोरत असे. "कान आहे तो, बोअरवेल नव्हे. किती खोल जाणार आहेस?" असे म्हणत आत्याने मळ मऊ करणारे थेंब काढले, आणि कानातून स्वल्प पाणी येते असे कळताच तेही मागे ठेवले. मी शेजारी उभी राहून हे सारे पाहत असे. पुढचा प्रश्न कोणता, हे मला आत्याच्या आधी सुचलेले असे. विचारता मात्र येत नसे. परक्या पायाकडे पाहतानाही मला वाटे, आपण कुणाचे तरी पत्र उघडून वाचत आहोत.

डोळ्यांच्या बाबतीत आत्या विनोद करत नसे. नुसते चुरचुरत असेल, धुळीने कोरडे पडले असतील, तर ती साधे ओलावा देणारे थेंब देई, बाटली उघडल्याची तारीख स्वतःच्या हाताने तिच्यावर लिही आणि महिन्याने फेकून द्यायला बजावी. डोळे येण्याची साथ असली की एका खोलीत राहणारे सहा जण एकच बाटली फिरवत. तसे केल्याचे कळले तर ती त्या सहाही जणांना बोलावून झापत असे. पण डोळा दुखत असेल, धूसर दिसत असेल किंवा आत काही उडाले असेल, तर तिच्याकडे द्यायला काहीच नसे. "माझ्या कपाटात याला औषध नाही," एवढेच ती सांगे. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दुकानामागच्या खोलीत डोळ्यांच्या एक डॉक्टरीणबाई येऊन बसत. लोखंडाचा कण काढण्यापूर्वी त्या डोळ्यात बधिर करणारा एक थेंब टाकत. त्या थेंबांची बाटली आमच्या फ्रीजमध्ये, सगळ्यांत वरच्या कप्प्यात, वेगळ्या डब्यात असे. तिला त्यांच्याशिवाय कुणी हात लावत नसे.

परशुराम निपाणीकडचा. एका कारखान्यात वेल्डिंगच्या कामावर होता; कंत्राटी. आमच्या दुकानात मराठी बोलता येते याचे त्याला इतके अप्रूप होते, की काही हवे नसले तरी तो सुट्टीच्या दिवशी येऊन बाकड्यावर बसे आणि आपल्याकडच्या ज्वारीची, उसाची, एका रागीट म्हशीची हकीकत सांगे. मी फारसे बोलत नसे, पण ऐकत असे. आणि मला वाटते, त्या परक्या रस्त्यावर त्याला तेवढे पुरत असावे. एकदा त्याच्या उजव्या डोळ्यात कण गेला. डॉक्टरीणबाईंनी थेंब टाकला आणि पाण्याने थबथबलेला त्याचा चेहरा एकदम निवळला. "आयला!" तो ओरडला. "गेलं की समदं! कुणी डोळाच काढून न्हेल्यागत!" बाई हसल्या, आत्या हसली, मीही हसले.

त्यानंतर काही आठवड्यांनी एका शुक्रवारी, डॉक्टरीणबाई गेल्यावर, आत्या माल आणायला शहरात गेली. पाचच्या सुमारास परशुराम भिंतीला धरून धरून दुकानाच्या पायऱ्या चढला. त्याचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले होते आणि गालांवरून पाणी वाहत होते. घाईत त्याने मुखवटा न लावता दोन-तीन जोड मारले होते. ठिणगीचा प्रकाश त्या वेळी नुसता चमकतो. वेदना काही तासांनी येते.

"धाकट्या अक्का, डोळ्यात कुणी मिरच्या कुटायल्यागत वाटायलंय."

"आत्या आठपर्यंत येईल," मी म्हणाले.

"आठपतोर काय हुतंय माझं! सोमवारी चाचणी हाय. जोड बघून कायम करणारेत. डोळंच उघडंना झालंत, हात कशावर धरू?" तो बाकड्यावर बसला आणि त्याने चेहरा वर केला. "त्या बाईंनी घातलेला थेंब हाय न्हवं? एकच घाला. पाया पडतो."

तो थेंब दुखणे झाकतो, बरे करत नाही, हे मला ठाऊक होते. बधिर डोळा पापणी मिटून स्वतःला सांभाळत नाही, त्याच्यावरची नाजूक त्वचा भरून येत नाही, म्हणून तो कुणाला घरी द्यायचा नसतो, हे मी परीक्षेत अक्षरशः लिहिले होते आणि त्याला पूर्ण गुण मिळाले होते. नाही म्हणणे हे एक उत्तर होते. दुसरे, तेही चूकच, पण लहान चूक: स्वतःच्या हाताने एकेक थेंब टाकून बाटली परत ठेवणे. मी फ्रीज उघडला. बाटली हातात घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले. त्याची मान मागे झुकलेली, ओठ किंचित उघडे, कपाळावर घाम. आता मी माझे बोट त्याच्या पापणीला लावायचे, ती खाली ओढायची, आणि त्याच्या चेहऱ्यावर वाकायचे. दुकानासमोरून लोक जात होते. बाटल्या किणकिणत होत्या. मी किती वेळ तशी उभी होते, कोण जाणे. सारे जणू पाण्याखाली चालले होते.

मला ते जमले नाही. मी बाटलीच त्याच्या हातात ठेवली.

"एकेकच थेंब," मी म्हणाले. "आणि उद्या परत आणा."

"व्हय, व्हय," तो म्हणाला, आणि तिथेच त्याने स्वतःच्या हाताने थेंब टाकले. त्याचा चेहरा निवळताना मी पाहिला. खरे सांगायचे, तर त्या क्षणी मला फार बरे वाटले होते.

शनिवारी तो आला नाही. रविवारी आला नाही. मी आत्याला काही सांगितले नाही. सांगायला तोंड उघडले की आमटीला मीठ बरोबर आहे का, असेच काहीतरी बाहेर पडे. सोमवारी दिवसभर मी रस्त्याकडे पाहत होते. मंगळवारी दुपारी डॉक्टरीणबाई येऊन डबा उघडणार होत्या. पण खरे तर मला भीती डब्याची उरली नव्हती. बाटली रिकामी व्हायला किती थेंब लागतात, हे मी मनाशी पुन्हा पुन्हा मोजत होते.

मंगळवारी सकाळी दहाला "येते" एवढेच म्हणून मी निघाले. कारखान्यांच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. तिथे विचारत विचारत पोहोचले. बाकीचे कामावर गेले होते. खिडकीवर गोणपाट लावून परशुराम एकटाच अंधारात बसला होता. माझी चाहूल लागताच तो उठला आणि त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की मी दारातच थबकले.

"पास झालो, अक्का! सायेब म्हणला, ह्यो जोड न्हाई, रेघ मारलीया रेघ!"

मी गोणपाट बाजूला केले. डावा डोळा सावरला होता; पण उजव्या डोळ्याच्या काळ्या भागात, मधोमध नव्हे पण मध्याला टेकलेला, एक करडा डाग होता. काचेवर दुधाचा शिंतोडा वाळावा तसा.

"दुखतंय?"

"थेंब घातला की न्हाई. उतरला की पैल्यापरास जास्त ठणकतंय, मग परत घालतो. संपलाच बघा आता. दुसरी मागाय येणारच हुतो."

"नाही!"

तो शब्द इतका मोठ्याने निघाला, की शेजारच्या खोलीतली बाई लाटणे हातात घेऊन दारात आली. मी तिच्यासमोरच सगळे सांगितले: थेंब काय करतो, काय करत नाही, आणि आता या घडीला निघालो नाही तर काय जाईल. परशुरामाचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "पन बरं वाटत हुतं की," तो एवढेच म्हणाला. मी त्याचा हात धरून त्याला रिक्षात बसवले.

डॉक्टरीणबाई सकाळी शहरातल्या डोळ्यांच्या इस्पितळात असत. त्यांनी यंत्राला डोळा लावून बराच वेळ पाहिले, मग रिकामी बाटली उचलून तिच्यावरची चिठ्ठी वाचली.

"ही याच्याकडे कशी आली?"

"मीच उचलली, बाई," परशुराम माझ्याकडे न पाहता म्हणाला. "फ्रीजमधनं. अक्कांना ठावं न्हाई."

खोलीत पंखा फिरत होता. मला शांत राहायला कुणाची परवानगी लागत नव्हती. ती मला आयुष्यभर मिळालेलीच होती.

"मी दिली," मी म्हणाले.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या, तर बरे झाले असते. "थंड पाण्याच्या घड्या ठेवून, डोळे मिटून दोन दिवस पडला असता," त्या म्हणाल्या, "तर आपोआप बरा झाला असता." मग त्या जखमेवरचे थेंब लिहून देऊ लागल्या: दिवसभर दर तासाला, महिनाभर तपासण्या, डाग किती राहील ते आत्ताच सांगता येणार नाही.

दुकानात परतल्यावर मी आत्याला सारे सांगितले. तिने फळी पुसण्याचे थांबवले नाही. पुसता पुसताच म्हणाली, "देणं चूकच. पण द्यायचाच होता तर थेंब द्यायचास. बाटली का दिलीस?"

"डोळ्याला हात लावायला... मला जमलं नाही, आत्या."

तिने फडके घडी करून ठेवले. "त्याच्या खोलीवर दिवसा कोण असतं?"

"कुणी नाही."

"सरी. मग त्याला इथं बसव. दर तासाला तू घालायचास."

पहिल्या दिवशी माझा हात इतका थरथरला, की पहिले दोन थेंब त्याच्या गालावर गेले. "अक्का, दाढीला औषध नगं, डोळ्याला हाय," तो म्हणाला, आणि मला हसावे की रडावे कळेना. पण तास येत राहिले. हात धुवायचे, खालची पापणी बोटाने ओढायची, थेंब सोडायचा, नाकाजवळच्या कोपऱ्यावर हलकेच दाबून धरायचे, मनातल्या मनात साठ अंक. त्या साठ अंकांत रस्त्यावरचा आवाज दूर जाई, दुपार काचेसारखी स्थिर होई, आणि माझ्या बोटाखाली त्याच्या डोळ्याची बारीक हालचाल लागत राही, झोपेतल्या पाखरासारखी. तो म्हशीची हकीकत सांगत नसे आता. डागाची कडा रोज थोडी मागे सरकते आहे, असे मला वाटे. पण रोज पाहणाऱ्या माणसाच्या वाटण्यावर विश्वास ठेवता येत नाही, हेही मला माहीत होते. आज माझ्या स्वतःच्या डोळ्यांत भाची थेंब घालते तेव्हा ती एका हाताने फोन पाहत असते, आणि तिचा हात जराही कापत नाही.

महिन्याने इस्पितळातली शेवटची तपासणी आली. कारखान्याने कायम करण्याचे पत्र तयार ठेवले होते. त्यांना फक्त दोन्ही डोळ्यांचा दाखला हवा होता. भिंतीवर कन्नड अक्षरांचा तक्ता होता, वर मोठी अक्षरे, खाली लहान होत गेलेली. डाव्या डोळ्याने परशुरामाने तक्ता शेवटपर्यंत वाचला. मग डावा झाकून तो उजव्याने वाचू लागला: पहिली ओळ, दुसरी, तिसरी, अडखळत चौथी, आणि मग खूप सावकाश पाचवी. शेवटच्या ओळीपाशी तो थांबला.

डॉक्टरीणबाई टेबलाकडे वळून काही लिहीत होत्या. परशुरामाने मान थोडी माझ्याकडे वळवली. मी त्याच्या शेजारच्या त्याच खुर्चीत महिनाभर आठवड्याला दोनदा बसले होते. ती ओळ मला पाठ होती. पाच अक्षरे. आणि माझा आवाज तर अशा कामासाठीच घडवल्यासारखा होता. शेजारच्या खुर्चीपर्यंत पोहोचेल, टेबलापर्यंत नाही.

"अक्का," तो ओठातल्या ओठात म्हणाला, "सांगा की."

खिडकीतून येणारा उजेड त्याच्या डोळ्यावर पडला होता. डाग लहान झाला होता, पण होता. त्या डोळ्यासमोर पुन्हा ठिणग्या उडणार होत्या, रोज, वर्षानुवर्षे. आणि ते पत्र, ते कायमपण, मी हिरावले होते, आणि पाच अक्षरांत मला ते परत देता येत होते.

"दिसत नसेल," मी बोलले, आणि डॉक्टरीणबाईंची लेखणी थांबली इतके ते स्पष्ट होते, "तर दिसत नाही म्हणा, परशुराम."

तो तक्त्याकडे वळला. बराच वेळ पाहत राहिला.

"न्हाई दिसत, बाई."

त्या कारखान्याने पुढे त्याला गोदामात घेतले, हे मला फार उशिरा कळले. त्या दिवशी त्याच्याजवळ फक्त एक चिठ्ठी होती, वेल्डिंगच्या कामाला मनाई करणारी. परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला होता. त्याने चिठ्ठीची घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. मडिवाळ्याच्या पुढे वाहने तुंबली आणि बस उभी राहिली. चार वाजत आले होते. दिवसातून चार वेळांचे थेंब अजून चालू होते. मी पिशवीतून बाटली काढली, रुमालाला हात पुसले, आणि तशीच धरून बसले, कारण मागायचे कसे ते मला कळत नव्हते. परशुराम बाहेर पाहत होता. मग, माझ्याकडे न वळता, त्याने मान मागे टाकली आणि डोळा उघडा धरला.